गाड्यांची चाल आणि तिचे मालक

माझे वडील जवळजवळ चाळीस वर्षं बँडमध्ये क्लॅरनेट वाजवत होते. श्रीगोंद्याच्या आसपासच्या गावांत कार्य निघालं की मुलीकडचे असोत की मुलाकडचे, आधी त्यांच्याकडे तारीख विचारायला येत. बँडचे मास्तर म्हणून सगळा तालुका त्यांना मास्तरच म्हणतो. पुढे मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले, पण बाजारात कुणी ‘मास्तर’ अशी हाक मारली की अजूनही वळून बघायचं ते अब्बांनीच.

त्यांच्या वाजवण्यात सिनेमाची गाणी होती, हळदीच्या नेहमीच्या चाली होत्या आणि एक चाल त्यांची स्वतःची होती. कारखान्याचा हंगाम चालू असताना एकदा वरात उसाच्या बैलगाड्यांमागे अडकली. पुढे गाड्यांची रांग, मागे ट्रॅक्टर, घोड्यावर नवरदेव ताटकळलेला. बँडवाल्यांची ठरलेली गाणी वाजवून संपली. तेव्हा अब्बांनी बैलांच्या घुंगरांचा ठेका धरून संथ असं काहीतरी वाजवायला सुरुवात केली आणि गाड्या हलेपर्यंत तेच वाढवत नेलं. पुढच्या लग्नाला लोकांनी तीच चाल मागितली. बँडमध्ये तिचं नाव पडलं गाड्यांची चाल.

मी सातवीत असताना पुण्याच्या एका कॅसेट कंपनीनं त्यांच्या बँडला बोलावलं. सगळे टेम्पोनं गेले, एका दिवसात आठ चाली वाजवल्या आणि रात्रीच्या जेवणाला परत आले. काही महिन्यांनी कॅसेट आली. वर सजवलेल्या घोड्याचं चित्र होतं. वाजवणाऱ्यांचं नाव कुठंच नव्हतं, पण त्याचं तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. आमची कॅसेट पुढे टेपमध्ये गुंतून तुटली.

साठी ओलांडल्यावर अब्बांचे वरचे दात एकेक करून गेले. क्लॅरनेटचं तोंड वरच्या दातांखाली धरावं लागतं. कवळी बसवल्यावर त्यांनी घरामागे बसून तीन दिवस प्रयत्न केला. नुसती हवा जायची, मधेच शिट्टी वाजायची. चौथ्या दिवशी त्यांनी वाद्य पुसलं, पेटीत ठेवलं आणि पेटी माझ्या कपाटावर ठेवायला दिली.

अम्मी गेल्यावर ते माझ्याकडे राहायला आले. मोबाईलवर गाणी ऐकवणारं एक अ‍ॅप मी तेव्हा वापरत होते. एका दुपारी सहज त्यात ‘वरात बँड’ असं लिहून शोधलं, तर घोड्याचं तेच चित्र समोर आलं. आठही चाली होत्या. कलाकार या शब्दापुढे लिहिलं होतं, ‘विविध’.

अब्बांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मोबाईल कानाला लावून धरला होता, फोन आल्यासारखा. मग रोजचंच झालं. चारचा चहा झाला की खाटेवर बसायचं आणि गाड्यांची चाल लावायची. अडचण एकच होती. चाल रंगात आली की मधेच एक बाई गादीची जाहिरात करायची. अब्बा दचकायचे. शेवटी मी वर्षाची वर्गणी भरली. अ‍ॅपवर स्वच्छ लिहिलं होतं की डाउनलोड करा आणि हवं तेव्हा ऐका. मी आठही चाली डाउनलोड केल्या आणि निश्चिंत झाले.

वर्ष संपायच्या आधीच एका दुपारी अब्बा मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात आले. “हे लागत नाही गं.” घोड्याचं चित्र करडं पडलं होतं. खाली ओळ होती: हे संगीत सध्या उपलब्ध नाही. डाउनलोड केलेलंसुद्धा उघडेना.

मी ग्राहकसेवेला फोन लावला. बऱ्याच वेळानं एक मुलगा बोलायला आला. आवाज अगदी नम्र होता.

“मॅडम, ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांनी ते काढून घेतलं आहे.”

“पण मी डाउनलोड केलं होतं. पैसे भरून.”

“डाउनलोड अ‍ॅपच्या आतच असतं, मॅडम. हक्क गेले की तेही जातं.”

“मग मी विकत घेतलं ते काय होतं?”

“ऐकण्याची परवानगी, मॅडम.”

मी म्हटलं, “त्यात वाजवणारे माझे वडील आहेत. ते इथं माझ्या शेजारी बसलेत.”

पलीकडे त्यानं काहीतरी टाइप केल्याचा आवाज आला. मग म्हणाला, “हो मॅडम. आणखी काही मदत करू शकतो का?” फोन ठेवल्यावर मेसेज आला, आमच्या सेवेला किती तारे द्याल?

पुण्याची ती कॅसेट कंपनी केव्हाच बंद पडली होती. तिच्या सगळ्या कॅसेटी मुंबईच्या एका कंपनीनं घेतल्याचं अ‍ॅपवाल्यांच्या मेलमधून कळलं. तिथला नंबर शोधून मी शाळेच्या मधल्या सुट्टीत फोन केला. एक बाई बोलल्या. मी सगळं सांगितलं आणि विनंती केली की आम्हाला एक प्रत द्या, त्याचं काय असेल ते मी भरते.

“आम्ही व्यक्तींना प्रत देत नाही. लायसन्स फक्त कंपन्यांना मिळतं.”

“अहो, कलाकार स्वतः मागतोय.”

“आमच्याकडे कलाकार ‘विविध’ असे आहेत. तुम्ही त्यातले कोण, हे आम्ही कसं ठरवणार?”

त्या बाई उद्धटपणे बोलल्या नाहीत. मला उलट त्याचाच जास्त राग आला. भांडायला समोर कुणी सापडतच नव्हतं. त्यांनी मेल करायला सांगितला. मी तीन मेल केले. तिन्हींना एकच उत्तर आलं की तुमचा मेल मिळाला आहे.

बाजाराच्या दिवशी अब्बांचे जुने जोडीदार घरी येतात. ते शेती करतात आणि लग्नसराईत अब्बांच्या बँडमध्ये ढोल वाजवायचे. मी त्यांना काका म्हणते. त्यांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, “मास्तर, ती कॅसेट माझ्याकडं हाय की. पत्र्याच्या पेटीत. टेप न्हाई म्हनून लावली न्हाई इतकी वर्सं.”

“आणि हे तू आत्ता सांगतोस?”

“तुमी इचारलं व्हय कदी?”

पुढच्या बाजाराला ते कॅसेट रुमालात गुंडाळून घेऊन आले. टेप आमच्या शाळेत होता. मुलांना इंग्रजी ऐकवायला कधीकाळी आलेला, आता कपाटात पडलेला. मुख्याध्यापकांना विचारून मी तो घरी आणला. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला आणि टेपसमोर मोबाईल धरून आठही चाली उतरवून घेतल्या. थोडी खरखर होती, पण सगळं ऐकू येत होतं. काका बोटांनी खाटेच्या लाकडी कडेवर ठेका धरत होते.

एवढ्यावर थांबले असते तर पुढचं काही झालं नसतं. पण मला वाटलं, इतर बँडवाल्यांनाही ऐकू दे. मी अब्बांच्या बँडचे जुने फोटो लावून गाड्यांच्या चालीचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. खाली अब्बांचं आणि काकांचं नाव लिहिलं. दुपारी टाकला, संध्याकाळी पोळ्या करायला घेतल्या तेव्हा तो बंद पडला होता. या व्हिडिओतलं संगीत दुसऱ्याच्या मालकीचं आहे, असं लिहून आलं. मालक म्हणून मुंबईच्या त्याच कंपनीचं नाव होतं.

काकांना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना. “म्हंजे आपुनच वाजवल्यालं आपल्यालाच लावाय न्हाई?”

हरकत घ्यायला एक अर्ज होता. त्यात कारणं दिलेली होती, त्यांतलं एक निवडायचं. माझ्याकडे परवाना आहे. हे सर्वांसाठी खुलं आहे. हे माझं स्वतःचं आहे. वाजवणारे माझे वडील आहेत, असं कारण त्यात नव्हतं. शेवटी ‘माझं स्वतःचं’ यावर बोट ठेवलं तर खाली तांबड्या अक्षरांत सूचना आली: खोटा दावा केल्यास खातं बंद होईल आणि कायदेशीर कारवाई होऊ शकेल.

अब्बा शेजारी बसून वाचत होते. “राहू दे,” ते म्हणाले. “या वयात कोर्टाची पायरी नको.”

मी मोबाईल बंद केला. पण माझ्या डोक्यातून ते जाईना. शाळेत मुलांना पाढे म्हणायला लावून मी खिडकीबाहेर बघत उभी राहायचे.

माझी एक वर्गमैत्रीण नगरला वकिली करते. सुट्टीच्या दिवशी अब्बांना घेऊन मी तिच्याकडे गेले. कॅसेटच्या वेळचा कागद अम्मीनं जपून ठेवलेल्या कागदपत्रांत सापडला होता. दोन पानं इंग्रजी, खाली अब्बांची सही. सही केली तेव्हा त्यांना तो कुणी वाचून दाखवला नव्हता. मैत्रिणीनं तो दोनदा वाचला.

“मशिनवर त्या दिवशी जे उतरलं, ते त्यांचं आहे,” ती म्हणाली. “ते तुम्ही सही करून दिलंय. घरात ऐका, कोण बघायला येतंय? पण इंटरनेटवर टाकू नका.”

“आणि चाल?” मी विचारलं.

“चालीबद्दल यात एक ओळसुद्धा नाही. मास्तर, चाल कुणी बसवली?”

अब्बांनी वरातीची हकिगत सांगितली. ती सांगताना ते बऱ्याच दिवसांनी हसले.

“मग सोपं आहे,” ती म्हणाली. “चाल तुमची. पुन्हा वाजवा, नवीन रेकॉर्ड करा. ते तुमचं.”

अब्बांनी बोटानं कवळी दाखवली. मैत्रीण ओशाळली. मग म्हणाली, “दुसऱ्या कुणाकडून वाजवून घ्या. तुम्ही बसवून द्या.”

एसटीनं घरी परतल्यावर अब्बांनी काकांना फोन केला आणि विचारलं, “सध्या चांगलं क्लॅरनेट कोण वाजवतं?”

काकांनी ज्याला आणलं तो चाळिशीतला गृहस्थ होता. सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात पाळीवर काम करायचा आणि लग्नसराईत वाजवायचा. सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलवर क्लॅरनेटची पेटी बांधून तो आमच्याकडे आला. कॅसेटवरून उतरवलेली चाल मी त्याला पाठवली होती, ती त्यानं आधीच मोबाईलवर ऐकून ठेवली होती. बसल्या बसल्या त्यानं चाल जशीच्या तशी वाजवून दाखवली. मी टाळ्या वाजवणार तेवढ्यात अब्बांनी हात वर केला.

“चुकलं.”

“मास्तर, कॅसेटमध्ये असंच आहे,” तो म्हणाला.

“कॅसेटमध्येच चुकलंय. स्टुडिओवाला घड्याळ दाखवत होता. वळणावर मी घाई केली. तिथं बैल थांबतो, मान हलवतो, मग पुढं पाय टाकतो. तेवढं थांबायला पाहिजे.”

मी विचारलं, “मग अब्बा, तुम्ही रोज ती कशाला ऐकत होता?”

“चूक कुठनं सुरू झाली ते शोधत होतो.”

तो गृहस्थ आणखी तीन सुट्ट्यांना आला. अब्बा तोंडानं गुणगुणून दाखवायचे, तो वाजवायचा, अब्बा मान हलवायचे, पुन्हा. एकदा तर तो वैतागून पेटी बंद करायला निघाला होता. काका म्हणाले, “मला ह्यांनी एका ठेक्यासाठी आठ दिवस बसवलं हुतं. तुमी लई लवकर सुटताय.” तो हसला आणि परत बसला.

मग एका रविवारी माझ्या वर्गात बाकं बाजूला सारून आम्ही रेकॉर्डिंग केलं. काकांनी ढोल घेतला. अब्बा फळ्याजवळ माझ्या खुर्चीत बसून हातानं खुणा करत होते. वळणावर क्लॅरनेट थांबलं, ढोलाचा एकच ठोका पडला आणि चाल पुढे निघाली. तिसऱ्या खेपेला अब्बांनी डोळे मिटून घेतले आणि संपल्यावर म्हणाले, “ठेव हेच.”

मी ते इंटरनेटवर टाकलं. चाल कुणाची, क्लॅरनेट कुणाचं, ढोल कुणाचा, सगळं लिहिलं. दोन दिवसांनी त्याच कंपनीच्या नावानं पुन्हा तसाच दावा आला. त्यांच्या यंत्राला सूर ओळखीचे वाटले होते. या वेळी मी ‘माझं स्वतःचं’ या ओळीवर बोट ठेवलं आणि तांबडी अक्षरं वाचूनही अर्ज पाठवला. सोबत सगळी हकिगत आणि मैत्रिणीनं लिहून दिलेला मजकूर जोडला. मला भीती वाटत होती. अब्बांना सांगितलं नाही.

महिनाभर काही नाही. मग एका सकाळी शाळेत हजेरी घेताना मेल आला. समोरच्या पक्षानं ठरलेल्या मुदतीत उत्तर न दिल्यामुळे दावा रद्द झाला आहे. चूक झाली असं कुणी म्हटलं नव्हतं. बहुधा कुणी माणसानं आमचा अर्ज वाचलाही नसावा. तरी मी हजेरीचं पुस्तक बाजूला ठेवून घरी फोन केला. अब्बा “बरं झालं” म्हणाले आणि येताना पालक आणायला सांगितला.

जुनं रेकॉर्डिंग आता दुसऱ्या एका अ‍ॅपवर दिसतं. कलाकार अजून ‘विविध’च आहेत आणि ऐकायला तिथली वर्गणी भरावी लागते. मी भरली नाही.

मागच्या आठवड्यात पाथर्डीकडच्या एका बँडवाल्याचा अब्बांना फोन आला. त्यानं व्हिडिओ पाहून चाल बसवायला घेतली होती, वळणाशी अडत होता. अब्बा ओसरीवर बसून त्याला मोबाईलवर गुणगुणून दाखवत होते. मधेच कवळी काढून शेजारी ठेवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मी चहा नेऊन ठेवला तर हातानंच मला थांब म्हणाले. पलीकडून क्लॅरनेटचा बारीक आवाज येत होता.

“घाई करतोयस,” अब्बा म्हणाले. “परत.”