लाल खडूच्या फुल्या

आधी चहा पिऊन घ्या, मग सांगते. घोट तोंडात असताना हा किस्सा ऐकायचा नाही. आमच्या वहिनींना ठसका लागला होता आणि त्यांच्या पाठीवर थापा मारायला मलाच उठावं लागलं होतं. माझ्यासारखी शहाणी बाई अख्ख्या कोल्हापुरात शोधून सापडायची नाही, हे तुम्हाला कळेलच आता.

तर आम्ही पाचगावच्या बाजूला घर बांधायला काढलं. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका, आमचे हे डेअरीत नोकरीला. संसार सगळा भाड्याच्या खोल्यांत झालेला. त्यात घरमालकांच्या मुलाचं लग्न ठरलं, आणि दिवाळीच्या आत खोल्या रिकाम्या करून द्या म्हणून त्यांनी गोडीत सांगितलं. म्हणजे नवं घर वेळेत उभं राहिलं नाही तर आम्ही भांडीकुंडी घेऊन कुठं जाणार?

आणि घर बांधतोय म्हटल्यावर लोक पेढे मागत नाहीत हो, घाबरवतात. आमच्या शाळेतल्या शिंदेबाईंनी त्यांच्या चुलतभावाची गोष्ट सांगितली. त्याचं आणि ठेकेदाराचं एका खिडकीवरून वाजलं. ठेकेदार माणसं घेऊन गेला तो गेलाच, प्रकरण कोर्टात, आणि आता म्हणे त्या स्लॅबवर पिंपळ उगवलाय. तो पिंपळ माझ्या डोक्यातून जाईना. पोळी लाटताना पिंपळ, फळ्यावर पाढे लिहिताना पिंपळ.

शिंदेबाईंचा सल्ला एकच. वाद व्हायच्या आधीच मिटवायचा. जे खटकेल ते तिथल्या तिथं दाखवून द्यायचं.

सल्ला सोन्यासारखा. पण दाखवायचं कुणाला? आमचे ठेकेदार दिनकरराव! अंगानं दांडगे आणि आवाज असा की ‘या बाई, बसा’ म्हणाले तरी मला वाटायचं, आपलं काहीतरी चुकलं. ते मजुराला नुसतं पाणी मागायचे आणि इकडे माझे हातपाय गार.

विटांचं बांधकाम झालं तेव्हा मी शाळा सुटल्यावर एकटीच बघायला गेले. भिंती जवळ जाऊन बघितल्या. एखादी वीट पुढं आलेली, कुठं दोन विटांमध्ये फट, एका कोपऱ्यात नुसतीच तुकड्यांची भरती. म्हटलं, झालं. हीच ती खिडकी. इथंच पिंपळ उगवणार.

धीर करून दिनकररावांपाशी गेले. बाहेर काँक्रीटचा मिक्सर धडधडत होता. ‘विटा वाकड्या बसवल्यात’ असं तोंडावर कसं म्हणायचं? मी म्हटलं, “भिंतींवर काही काही ठिकाणी जरा... करायला पाहिजे होतं.”

त्यांनी कानामागं हात धरला, मान हलवली आणि ओरडून म्हणाले, “खुणा करून ठेवा की बाई. उद्या सकाळी माणूस लावतो.”

इतका समजूतदार ठेकेदार! मला भरूनच आलं. पर्समध्ये शाळेचा लाल खडू होताच. मी सगळ्या खोल्यांतून फिरले. जिथं जिथं चूक, तिथं तिथं ठसठशीत फुली. वर हात पुरेना तिथं मजुराच्या स्टुलावर चढले. वह्या तपासायची सवय, एकही चूक सोडली नाही. घरी येऊन ह्यांना सांगितलं, बघा, एका शब्दानं न भांडता काम झालं. त्या रात्री कधी नव्हे ती गाढ झोपले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत साईटवर गेले आणि बघते तर काय!

जिथं जिथं माझी फुली होती, तिथं तिथं चौकोनी भोक. छताला लागून भोक, गुडघ्याखाली भोक, दाराच्या मागं भोक. देवघराच्या भिंतीत तर तीन-चार शेजारी शेजारी. आणि प्रत्येक भोकातून खाली जमिनीपर्यंत लांबलचक चर पाडलेला. घर नव्हतंच ते, चाळण होती. माणूस एकही नाही, सगळे जेवायला गेलेले.

आता तुम्ही असता तर काय केलं असतं? दिनकररावांना फोन करून विचारलं असतं, बरोबर? मी नाही विचारलं. माझी खात्रीच पटली की चुका काढल्या म्हणून ह्या माणसानं सूड घेतला.

ह्यांना फोनवर रडत रडत सांगितलं. ह्यांनी हुपरीच्या दाजींना फोन लावला. दाजी म्हणजे माझ्या नणंदेचे मालक, चांदीच्या पैंजणांचा धंदा, पण कोर्टकचेरीचा भारी नाद. दाजींनी हुकूम सोडला की तोंडी एक शब्द बोलायचा नाही, आधी कुलूप ठोका, मग नोटीस. झालं. ह्यांनी जाऊन फाटकाला कुलूप घातलं. माणसं जेवून परत आली तर बाहेर. दिनकररावांना वाटलं, आम्ही परस्पर दुसरा ठेकेदार बघितला. त्यांनी रागानं फाटकाबाहेरचा मिक्सर उचलून नेला.

मिक्सर गेल्याचं कळलं आणि माझ्या डोळ्यांपुढं त्या पिंपळाला पालवी फुटली.

संध्याकाळी दाराशी गाडी थांबली. दिनकरराव आणि त्यांच्यासोबत आणखी एकजण. मी ह्यांना म्हटलं, मारायला आले. हे म्हणाले, तू चहा टाक. मी चहात साखर दोनदा घातली.

दोघं बसले. ह्यांनी घसा खाकरून, भिंती पोखरून आमचं नुकसान का केलं, असं एकदम कोर्टातल्यासारखं विचारलं.

दिनकरराव खुर्चीतून पुढं सरकले. “पोखरल्या? बाईंनी सांगितलं तिथंच लाईटचं पॉइंट काढल्यात की. ह्यो आमचा सलीम, लाईटचं काम ह्योच करतो. विचारा त्येला.”

सलीम बिचारा खाली बघत होता. म्हणाला, “फुली तिथं बॉक्स. एक पण सोडली न्हाय. छताजवळ बोर्ड कशाला पायजे ते काय मला कळलं न्हाय, पण म्हटलं, असंल काय तर नवीन फॅशन.”

हे हळूच माझ्याकडे वळले. मी पदराशी खेळत म्हटलं, “त्या फुल्या चुकलेल्या विटांना होत्या.”

मग दिनकरराव म्हणाले, “बाई, आमच्यात फुली म्हंजे हितं पायजे.”

“आमच्यात फुली म्हणजे चूक.”

“मिक्सरच्या आवाजात मला वाटलं, लाईटच्या पॉइंटचं म्हणताय. मग विटा चुकल्यात, येवढं तोंडानं सांगायचं की. आम्ही काय खातोय व्हय?”

“तुम्ही ओरडला असता.”

“मी ओरडत न्हाय, बाई. मी बोलतोयच असा.” हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं की काय झालं बघायला घरमालक वर आले.

नोटीस राहिली दाजींकडेच. मिक्सर परत आला. भोकं बुजवली, वाकड्या विटाही त्यांनी कुरकुर न करता नीट करून दिल्या. ह्यावेळी मी सगळं तोंडानं सांगितलं, हात मागे बांधून. दिवाळीच्या आधी आम्ही राहायलाही गेलो.

वास्तुशांतीला दिनकररावांना मानानं बोलावलं होतं. दाजीही आलेले. घरभर फिरून, भिंतींवरून हात फिरवून ते एकदम खूश. काही महिन्यांपूर्वी ज्या माणसाला कोर्टात खेचणार होते, त्याच्याच खांद्यावर हात टाकून म्हणाले, “पावणं, हुपरीला आमचं पण घर काढायचं हाय. घेताय का काम?”

दिनकररावांनी जिलेबी खाली ठेवली. पंगतीतल्या शेवटच्या माणसालासुद्धा ऐकू जाईल अशा त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, “घेतो की. पण एक अट हाय. घर पुरं होईस्तोवर बाईंना हुपरीला न्यायचं न्हाय.”