शीतगृहातल्या बाईंची निष्ठा

आइस्क्रीमच्या कारखान्यातल्या शीतगृहात जायला कोणी राजी नसे. आत बोटं बधिर व्हायची, पापण्या आखडायच्या. आत जायची पाळी आली की भल्याभल्यांची कंबर धरायची.

अशात पॅकिंग विभागाच्या मुकादम बाई आपणहून आत जाऊ लागल्या. वय पन्नाशीला टेकलेलं. कधी माल मोजायला, कधी खोकी नीट लावायला, काहीच नसलं तर उगाच चक्कर मारायला. जाड कोट खुंटीलाच. बाहेर यायच्या त्या हवापालट करून आल्यासारख्या ताज्यातवान्या.

कारण कोणाला ठाऊक नव्हतं. बसल्या जागी बाईंच्या छातीतून एक भपका उठायचा, मानेवरून कानशिलांपर्यंत चढायचा आणि पाठ घामाने चिंब व्हायची. घरी झोपेचं खोबरं झालेलं. कारखान्यात निदान पळून जायला जागा होती.

व्यवस्थापकांना मात्र यात निष्ठा दिसली. वार्षिक समारंभात त्यांनी बाईंना ‘आदर्श कर्मचारी’ म्हणून ढाल दिली आणि त्याग या विषयावर इतकं लांबण लावलं की बाईंना पुन्हा भपका आला. त्या उठून तडक शीतगृहात गेल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शेवटी धाकट्या बहिणीने त्यांना ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी रक्तदाब पाहिला, स्तनांची तपासणी करून घेतली, रक्ताच्या गाठी, घरातला कॅन्सर, सगळं खोदून विचारलं.

“हार्मोन सगळ्यांनाच चालत नाहीत,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला चालतील असं दिसतंय. थोडा धोका असतो, तोही समजावून सांगते. मग तुम्ही ठरवा.”

बाईंनी ठरवलं. दंडावर चोळायचं जेल आणि झोपताना एक गोळी घेऊन त्या घरी आल्या.

नवरा हादरला. “निसर्गाच्या कामात ढवळाढवळ करू नये,” तो म्हणाला. बोलताना तो टकलावर केस उगवायचं औषध चोळत होता.

“मग तुमचं हे काय?”

“हे गरजेचं आहे.”

काही आठवड्यांत भपके ओसरले. बाईंना झोप लागू लागली. आणि एके सकाळी शीतगृहात शिरताना त्यांना चक्क हुडहुडी भरली. त्यांनी खुंटीवरचा कोट चढवला, काम उरकलं आणि बाहेर आल्या. पुन्हा विनाकारण आत गेल्या नाहीत.

व्यवस्थापकांनी बोलावून घेतलं. “बाई, कामावरून मन उडालंय का?”

“नाही साहेब. पाळी जातानाचा त्रास होता. अंगाची लाही लाही व्हायची, म्हणून आत जात होते. आता औषध चालू आहे.”

साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट न्याहाळला. “म्हणजे ती ढाल...”

“परत आणून देऊ?”

“नको. नाव कोरून झालंय.”

त्यानंतर शीतगृहाचं काम सगळ्यांना आळीपाळीने वाटून दिलं गेलं. पॅकिंगमधल्या दोघी-तिघी जेवणाच्या सुट्टीत बाईंना कोपऱ्यात गाठून दवाखान्याचा पत्ता विचारू लागल्या. बाई पत्ता देत आणि वर बजावत, “माझं जेल मागू नका. आधी तपासून घ्या.”

पुढच्या खेपेला नवराही दवाखान्यात आला. खुर्ची पुढे ओढून म्हणाला, “झोप लागते, घाम थांबला, सगळं ठीक. पण ही माझ्यावर अजून चिडते. डोस वाढवता येईल का?”

“घरकामात काही हातभार लावता?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“त्याचा इथे काय संबंध?”

डॉक्टरीणबाईंनी डोस आहे तोच ठेवला.