उरलेला पिक्चर

धाकट्या दिरांच्या टॉकीजच्या फाटकाशी स्कूटी लावताना माझं लक्ष भिंतीवरच्या पोस्टरकडे गेलं. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'भाग पहिला' असं छापलेलं असल्याचं मी आदल्या आठवड्यात घरी बघितलं होतं. आता तिथे खेळांच्या वेळांची पिवळी पट्टी चिकटवलेली होती. पोस्टरवर एवढी मोकळी जागा असताना पट्टी नेमकी त्या दोन शब्दांवरच बसली होती.

तिकीटखिडकीत माझी जाऊ, म्हणजे दिरांची बायको, बसली होती. तिला विचारलं, "ती पट्टी कोणी लावली?"

तिकीट फाडत, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "त्यासनीच."

मी मुळातच काळजी करणारी. वर्गातली पोरं सहलीला गेली की बस परत येईपर्यंत मला घास गिळत नाही. पण त्या दिवशीची भीती उगाच नव्हती. बारा वाजायच्या आधीच अंगण माणसांनी भरलं होतं आणि आपण अर्धीच गोष्ट बघायला आलोय हे त्यातल्या बहुतेकांना ठाऊक नव्हतं.

शहाद्यातली ही एकपडदा टॉकीज दिरांनी भाड्याने चालवायला घेतली, तेव्हा घरात सगळे नाराज होते. केळी आणि ऊस सोडून हे काय, असं सासरे म्हणाले. दिरांनी ऐकलं नाही. नव्या लाल खुर्च्या बसवल्या, पडदा बदलला, बायकांसाठी स्वच्छतागृह बांधलं. तरी लोक मोबाईलवरच बघत. हा पिक्चर येणार म्हटल्यावर मात्र दिरांचा चेहरा उजळला. ज्या जाडजूड कादंबरीवरून तो काढला होता, ती मी शाळेच्या लायब्ररीतून आणून दोनदा वाचली होती. तिची सुरुवात मी एकदा जेवताना दिरांना सांगितली होती आणि ते हातातला घास तसाच धरून ऐकत बसले होते.

गोष्ट साधी आहे. एका राज्याची नदी कोणीतरी चोरून नेतं. सकाळी लोक उठतात तर पात्रात नुसते गोटे. नावाड्याची मुलगी ती शोधायला निघते आणि धाकटा भाऊ हट्ट करून तिच्यामागे जातो. डोंगराच्या पोटात एक दरवाजा असतो. तो उघडा राहायचा तर कोणीतरी तो धरून उभं राहायला लागतं आणि जो धरतो तो दगड होतो. भाऊ दरवाजा धरतो, बहीण आत जाते. इथे पुस्तकाचा जेमतेम एक तृतीयांश भाग संपतो. पिक्चरवाल्यांनी तिथेच कात्री लावली होती. एका पुस्तकाचे तीन पिक्चर करणार होते.

महिनाभर आधीच मी दिरांना म्हटलं होतं, "भाऊजी, लोकांना आधी सांगून टाका. आपल्याकडे अर्धी गोष्ट कोणाला चालत नाही."

"वहिनी, सांगं तर येई कोन?" ते म्हणाले होते.

आत बसले आणि आजूबाजूला बघितलं. ब्राह्मणपुरीहून पिकअप भरून बायका आल्या होत्या. कापूस वेचायचं एक दिवस थांबवून आलो, असं त्यांच्यातली एक सांगत होती. मागे सातपुड्यातल्या गावांमधून येऊन वसतिगृहात राहणाऱ्या कॉलेजच्या मुली होत्या. त्यातली एक माझीच जुनी विद्यार्थिनी, तिने लांबून हात केला. पुढच्या रांगेत सारंगखेड्याकडचे एक म्हातारे शेतकरी पांढरी टोपी मांडीवर ठेवून बसले होते.

पिक्चर चांगला होता. तीच पंचाईत होती. वाईट असता तर लोक शिव्या देऊन निघून गेले असते. नदी गेल्याची सकाळ पडद्यावर आली तेव्हा सगळी टॉकीज गप्प झाली. तापीकाठची माणसं ती, कोरडं पात्र म्हणजे काय हे त्यांना कोणी समजावून सांगायला नको होतं. भाऊ बहिणीला हसवायचा तेव्हा ब्राह्मणपुरीच्या बायका हसायच्या. त्याला ताप भरला तेव्हा माझ्या शेजारच्या खुर्चीतल्या बाईने पदर तोंडाशी धरला. लोक जितके रंगत गेले, तितका माझा जीव खाली जात होता.

मध्यंतरात मी जिना चढून मशीनच्या खोलीत गेले. दीर स्टुलावर बसले होते. समोरचा चहा तसाच, त्यावर साय आलेली.

"आत्ताच खाली येऊन सांगा," मी म्हटलं. "आत्ता सांगितलंत तर चिडतील, पण समजून घेतील."

"तीनच्या खेळाची गर्दी फाटकाशी उभी शे वहिनी. आठे सांगं की तठे समजनं."

"आणि शेवटी?"

ते उठून मशीनवरची धूळ पुसायला लागले. हा माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. घाबरलेल्या माणसाला दुसऱ्याने काय सांगायचं? मी खाली आले.

शेवटचा प्रसंग आला. भावाने दरवाजाला खांदा लावला. त्याचे पाय दगड झाले, मग छाती, मग मान. बहीण अंधारात शिरली. पडदा काळा झाला आणि त्यावर नावं यायला लागली.

दिवे लागले. कोणीच उठलं नाही.

मागून एक जण म्हणाला, "परत इंटरवल जायी का?" थोडे हसले. मग तेही थांबलं. काळ्या पडद्यावर नावं सरकत राहिली आणि माणसं ती बघत राहिली, जणू त्यानंतर पुढचं सुरू होणार होतं. नावंही संपली. पांढरा पडदा उरला.

मला वाटलं होतं, आरडाओरडा होईल, खुर्च्या मोडतील. तसं काही झालं नाही. टोपीवाले म्हातारे उभे राहिले आणि वर मशीनच्या खिडकीकडे बघून शांतपणे म्हणाले, "भाऊ, आमले काही घाई नही शे. उरेल पिच्चर लावा. आम्ही बठेल शेतस."

असं म्हणून ते परत बसले. त्यांच्यामागे सगळेच बसून राहिले. त्या बसण्याची मला जास्त भीती वाटली.

दीर खाली आले. पडद्यासमोर उभं राहून त्यांनी हात जोडले. "काका, आते एवढाच शे. बाकीना पुढला साल यी."

"पुढला साल?" म्हाताऱ्यांनी विचारलं. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं.

मग आवाज सुरू झाले. ब्राह्मणपुरीच्या बायकांमधली एक म्हणाली, "अर्धी भाकर खावाडीसन ताट वढी लिधं." एक जण म्हणाला, पोस्टरवर लिहायला काय झालं होतं. दुसऱ्याने सांगितलं की त्याने इंटरनेटवर वाचलं होतं, तीन भाग आहेत. त्यावर त्याचाच मित्र त्याच्यावर उखडला, मग बोलला का नाहीस. आणि बाहेरून फाटकाची साखळी वाजायला लागली. तीनच्या खेळाची माणसं आत यायला बघत होती. आतली उठेनात, बाहेरची थांबेनात, आणि दीर मधे हात जोडून उभे.

जाऊ तिकीटखिडकी बंद करून धावत आली होती. तिने माझा दंड धरला. "ताई, तुम्ही सांगा. तुमनं ऐकतीन."

"काय सांगू?"

"पुढली गोष्ट. तुम्हले येस ना."

तिने मला पुढे ढकललंच. मी म्हटलं, हे पुस्तक मी वाचलंय, पुढचं मला माहीत आहे. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत माझी जुनी विद्यार्थिनी ओरडली, "मॅडम, नका सांगू. आम्हाला पिक्चरमध्येच बघायचंय."

"तुले नही आयकनं तर कान बंद कर," पुढून एक बाई म्हणाली.

"मॅडम, सांगितलं तर दुसरा भाग बघण्यात काय मजा?"

"मजा तुमनी. आमले रातले झोप यी नही त्यानं काय?"

आता दिरांना कोणी विचारत नव्हतं. टॉकीजचे दोन तट पडले होते, ऐकणारे आणि न ऐकणारे, आणि ते एकमेकांशीच भांडत होते. मला तेव्हा सुचलं ते काही हुशारीने नाही, तिथून सुटण्यासाठी सुचलं. मी आवाज चढवला. "ज्यासले पुढलं आयकनं शे, त्यासनी मन्हासंगे बाहेर या. ज्यासले आयकनं नही, त्यासनी घर जा आनि पुढला साल दखा."

म्हातारे सगळ्यांत आधी उठले. मग बायका. पाच-दहा मिनिटांत टॉकीज रिकामी झाली.

मागच्या बाजूला सायकल स्टँडच्या पत्र्याखाली मी उभी राहिले आणि माणसं जमिनीवर बसली. फाटकातून आत जाणारी तीनची गर्दी आमच्याकडे वळून वळून बघत होती, म्हणून मी आवाज खाली ठेवला. तसे सगळे आणखी जवळ सरकले. आयुष्यात मी एवढ्या लोकांना एवढ्या हळू आवाजात कधी काही सांगितलं नाही. बहीण डोंगराच्या पोटात काय काय बघते, नदी कोणी आणि का चोरली, ती बाटलीत कशी भरून ठेवलीय, सगळं सांगितलं. नदी परत गावात येते तिथे मी थांबले. म्हाताऱ्यांनी टोपी डोक्यावर घातली. "उनी ना नदी? मंग बरं," म्हणाले आणि निघाले. बाकीचेही पांगले. निघताना कोणी दिरांना शिवी दिली नाही.

एक बाई मात्र बसून होती. ब्राह्मणपुरीचीच, माझ्याच वयाची, बोटांना कापसाच्या बोंडांचे ओरखडे. तिच्यासोबतच्या बायका पिकअपकडे गेल्या होत्या.

"बाई, भाऊनं काय जायं?"

मी मुद्दामच ते वगळलं होतं. एवढ्या माणसांसमोर ते तोंडातून निघेना. आता तिच्या एकटीसमोर खोटंही बोलवेना.

"तो उठत नही," मी म्हटलं. "नदी येस, बहीन येस. तो तठेच राहस."

"माले वाटनंच. तुम्ही त्यानं नाव टाळी दिधं ना, तवयच वाटनं." मग ती उठून लुगडं झटकत म्हणाली, "आते बाकीनासले सांगू नका. त्यासले वाट दखू द्या."

दुसऱ्या दिवशी दिरांनी पट्टी काढली. गर्दी थोडी कमी झाली, पण येत राहिली. मला मात्र नवीनच काळजी लागली. बाजारात, बँकेत, पालकसभेला लोक अडवून विचारायचे, मॅडम, त्या पोराचं काय होतं? मी हसून टाळायचे. कोणी म्हणायचं, तो उठणारच, नाहीतर पिक्चर चालायचा कसा. मी मान हलवायचे. एकदा घरात सासऱ्यांनीही विचारलं, तेव्हा मी भाजी करपतेय म्हणून आत पळाले.

दुसरा भाग यायला पुढलं साल नाही, त्याच्याही पुढलं उजाडलं. या वेळी दिरांनी स्वतः रंगाने पाटी लिहून फाटकावर टांगली: गोष्ट या भागातही संपत नाही. तरी गर्दी झाली. ब्राह्मणपुरीचा पिकअप आला. ती बाई उतरताना दिसली तेव्हा मी मान वळवली. का, ते सांगता येणार नाही.

त्या भागाच्या शेवटी नदी डोंगरातून सुटली. पाणी दगडी दरवाजापर्यंत आलं, दगड झालेल्या भावाच्या पायांना लागलं आणि पडदा काळा व्हायच्या आधी त्याच्या हाताचं एक बोट हललं.

टॉकीज उठून टाळ्या वाजवायला लागली. पुस्तकात हे नाही. एकही बोट हलत नाही. पहिल्या वेळी पत्र्याखाली बसलेले दोघे-तिघे माझ्याकडे वळून हसले, त्यांना मी भावाबद्दल काही सांगितलंच नव्हतं, त्यामुळे ते आनंदात होते.

ब्राह्मणपुरीची ती बाई मला गाठायला फाटकाशी थांबली होती.

"तुम्ही तर सांगं व्हतं, तो उठत नही."

"पुस्तकमा उठत नही."

"मंग आते कोनतं खरं मानू?"

शाळेत पोरांना मी बिनदिक्कत सांगते, मूळ पुस्तक ते खरं. तिला तसं सांगायला जीभ रेटेना. पिक्चरवाले त्याला उठवतील की बोट हलवून पुन्हा मारतील, हे मला तरी कुठे ठाऊक होतं?

"मी मन समजाडी लिधं व्हतं बाई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "दोन साल लागनात. आते परत वाट दखनी पडी."

पिकअपवाला हॉर्न वाजवत होता. बायकांनी हात देऊन तिला वर ओढून घेतलं.

तिसरा भाग अजून आलेला नाही. मधे एकदा भाजीबाजारात ती भेटली, पोटच्या पोराचा निकाल विचारावा तशी हळूच म्हणाली, "काही समजनं का?" मी नाही म्हटलं. तिने मेथीची जुडी पिशवीत घातली आणि गर्दीत गेली. तो उठला तर मला बरं वाटेल की नाही, हे मी घरी येईपर्यंत ठरवत होते. ठरलं नाही.