सहा मोटारसायकली आणि एक खुलासा

दादाला 'निष्काळजी' ठरवणारं पत्र आलं तेव्हा त्याचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. खांद्याजवळचं हासळीचं हाड मोडलं होतं. सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा, असा हुकूम. ज्या हातानं लिहायचं तोच जायबंदी, हे पत्र पाठवणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून शिपायाकडून तोंडी निरोपही आला : चूक मान्य करा, प्रकरण मिटवू.

लातूर तेव्हा नवा जिल्हा झाला होता. पाट्या रंगवून झाल्या होत्या, खुर्च्या आल्या होत्या, पाऊस मात्र आला नव्हता. गावोगावी दुष्काळी कामं निघाली आणि त्यांवरच्या मजुरांची हजेरी तपासायला एका कचेरीनं सहा माणसांना मोटारसायकली दिल्या. त्यांतला एक माझा दादा. नांदेडहून तो नोकरीसाठी आला आणि त्याच्यामागे मी कॉलेजसाठी. नोकरी तात्पुरती, उन्हाळ्यानंतर कायम होणार होती. निष्काळजीपणाचा शेरा पडला असता तर ती तिथंच संपली असती.

औशाच्या रस्त्यावर भर दुपारी तो पडला. मागे हजेरीपटांची पत्र्याची पेटी आणि पाण्याचा कॅन बांधलेला. मागचं टायर कडेनं फाटलं, गाडी आडवी झाली. ट्रकात घालून ती आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पंक्चरवाल्या चाचांकडे आणून टाकली.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. वडील सभांमधून पत्रकं आणत, मी त्यांवरच अक्षरं गिरवली. त्यामुळे खुलाशाचा माझा पहिला मसुदा 'जाहीर धिक्कार' इथूनच सुरू झाला.

दादानं वाचून कागद परत दिला. "पुढारीणबाई, खुलासा हाय ह्यो. मोर्चा न्हाई."

"मग काय लिहू? माफी?"

"आधी टायर कशानं फाटलं ते तर बघून ये."

चाचांनी फाटलेलं टायर माझ्या पुढ्यात टाकलं. "हात फिरव, बेटी." मधल्या नक्षीत बोट अडकत होतं. दोन्ही कडा मात्र गुळगुळीत, नक्षीचा मागमूस नव्हता.

"जोरात चालवली की असं होतं का, चाचा?"

"न्हाई. हवा कमी असली की होतं. टायर मधून उचलतंय, कडांवर बसतंय. दर चक्कराला त्याची बगल दबती, उठती, दबती. आतून तापतंय. वरून पेटीचा बोजा. सावकाश गेला असता तर चार दिवस उशिरा फाटलं असतं, बस."

"पण उन्हाळ्यात हवा कमीच ठेवायची ना?"

"ही अक्कल कुणी दिली?" चाचा म्हणाले.

ती अक्कल कचेरीच्या भिंतीवर सहीशिक्क्यासह चिकटवलेली होती : उन्हानं हवा फुगून टायर फुटतात, सबब पावसाळा लागेपर्यंत सर्व वाहनांतील हवा पाव भागाने कमी ठेवावी. किती ओझ्याला किती पौंड हवा, आणि ती सकाळी टायर थंड असताना मोजायची, हे गाडीसोबत आलेल्या पुस्तकात छापलेलं होतं. ऊन धरूनच कंपनी तो आकडा देते. ते पुस्तक कपाटात आणि कपाटाला कुलूप. हवा मोजायचं मीटर तर कचेरीत नव्हतंच.

एखाद्याला एखादी गोष्ट कळत नसेल, ते मी समजू शकते. पण न कळणाऱ्या गोष्टीवर शिक्का मारायचा, आणि हुकूम पाळणाऱ्याचं हाड मोडलं की त्यालाच निष्काळजी म्हणायचं? मी खांद्यावर टायर घेतलं, चाचांनी दिलेला खडू मुठीत धरला आणि दादासोबत कचेरी गाठली.

भिंतीवरच्या हुकमावर ज्यांची सही होती ते साहेब टायर पाहून वैतागले. "भावानं गाडी पळवली असणार. तुम्हाला यातलं काय कळतं?"

"मला विचारूच नका, साहेब. बाहेर पाच गाड्या उभ्या आहेत, त्यांना विचारा."

आवारात फरशी होती. प्रत्येक गाडीच्या मागच्या टायरवर मी या कडेपासून त्या कडेपर्यंत खडूचा जाड पट्टा ओढला. ज्याची गाडी त्यानं बसून फरशीवरून एक फेरी मारली. पाचही गाड्यांचा खडू दोन्ही कडांना पुसला गेला आणि मध्ये पांढराशुभ्र राहिला. सहावं टायर माझ्या पायाशी पडलं होतं.

"सहा माणसं एकाच मापानं निष्काळजी कशी झाली, साहेब?"

"हुकमानं," मागून कुणीतरी पुटपुटलं. दोघंतिघं हसले. साहेब आत गेले.

अर्ध्या तासानं आतून टाइप केलेला खुलासाच बाहेर आला. दादानं फक्त सही करायची. टायर मुळातच सदोष असल्याने अपघात घडला, असं त्यात होतं. भिंतीवरच्या हुकमाचा एका अक्षरानंही उल्लेख नव्हता.

"दादा, हे खोटं आहे. हुकूम चुकीचा होता असं लिहून माग."

"लिहिलं तर नोकरी राहील?"

"खोट्यावर राहिलेली काय कामाची?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. डाव्या हातात पेन धरत म्हणाला, "हाड माझं मोडलंय. सही बी माझीच राहू दे."

वेडीवाकडी सही झाली. पुढे नोकरी कायम झाली, घरी दोन वेळची चूल नीट पेटू लागली. त्या चुलीवरचं मीही खाल्लं, म्हणून दादाला दोष देण्याचा अधिकार मला नाही. पण ज्या कचेरीत खरं लिहिणाऱ्याची भाकरी जाते, त्या कचेरीला मी आजही माफ केलेलं नाही.

हवा कमी ठेवायचा हुकूम भिंतीवर तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत ते पाचही जण चाचांकडे मीटर लावून हवा भरून गेले. एकेकटे आले, आणि कचेरीत सांगू नका, असं प्रत्येकानं चाचांना बजावलं.