मामेसासऱ्यांचं नाक

माझ्या मामेसासऱ्यांनी मला जेवढे धक्के दिले तेवढे आजवर दुसऱ्या कोणीही दिलेले नाहीत, आणि यात मी आमच्या घराचं जुनं वायरिंगसुद्धा धरलेलं आहे. लग्न होऊन मी नागपूरला आले, त्याच्या तिसऱ्या दिवशी हे गृहस्थ लाखनीहून नव्या सुनेला भेटायला आले. मी नमस्काराला वाकले. आशीर्वाद देण्याच्या आधी त्यांनी दोनदा नाक ओढलं आणि म्हणाले, "सूनबाई, तू इस्त्री लय तापवते." माझ्या पदराच्या आतल्या बाजूला टिकलीएवढा जळका डाग होता. तो मी तीन दिवस सासूबाईंपासून लपवून ठेवला होता आणि या माणसाने तो वाकलेल्या डोक्यावरूनच हुंगून काढला.

त्यांची सगळी नोकरी धान खरेदी केंद्रावर गेली. तिथे धानाची प्रत ठरवणारा माणूस म्हणजे ग्रेडर. ओल मोजायची यंत्रं होती, पण मामाजी ती टेबलावर नुसती मांडून ठेवत, पाहुण्यांसाठी कपबशा मांडाव्यात तशी. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, तळातली मूठ वर काढायची, नाकाशी धरायची, डोळे मिटायचे आणि निकाल सांगायचा. या धानावर कापल्यावर दोनदा दव पडलंय, हे बांधीतून, म्हणजे शेतातून, उचलून थेट पोत्यात भरलंय, ही गोणी आधी मिरच्यांची होती. एकदा एका शेतकऱ्याला त्यांनी सांगितलं की वरचं अर्धं पोतं तुझं आहे आणि खालचं अर्धं तुझ्या भावाचं. तो माणूस इतका हादरला की भावाशी चाललेलं वर्षभराचं भांडण त्याने तिथेच कबूल करून टाकलं. पुढे निवृत्तीचा समारंभ झाला, शाल मिळाली, आणि मामाजी शाल हुंगून म्हणाले की ही गेल्या वर्षीच्या साहेबाला दिलेलीच आहे.

हे नाक घेऊन ते नातेवाइकांत फिरायला लागले तेव्हा आमच्या घराण्याची झोप उडाली. मुलगी पाहायला गेलो की मामाजी पोह्यांची बशी तोंडासमोर धरत आणि सगळ्यांच्या देखत सांगत, की हे मुलीने केलेले नाहीत, हळदीचा वास आतल्या त्या काकूंच्या हाताला आहे. लग्नात आचारी त्यांना लांबून पाहूनच भात झाकत. बरं, त्यांच्या मनात कोणाचं वाईट करायचं नसे. वासाच्या बाबतीत खोटं बोलणं त्यांना जमतच नसे, एवढंच. मामींच्या स्वयंपाकाला पन्नास वर्षांत त्यांनी दिलेली सर्वोच्च पदवी "चालते" ही होती. ती मिळाली त्या दिवशी मामींनी म्हणे शेजारी जाऊन सांगितलं होतं.

आणि दारू. तरुणपणी त्यांनी गावात दारूबंदीची शपथ घेतली होती. ती त्यांनी एकट्याने पाळली असती तर कोणाचंच काही बिघडलं नसतं. पण वराती आल्या की मामाजी मांडवाच्या दाराशी अत्तरदाणी घेऊन उभे राहत. प्रत्येकाला अत्तर लावत आणि लावता लावता हुंगत. आमच्या एका नणंदेच्या लग्नात त्यांनी नवरदेवाच्या सख्ख्या काकाला दारातून परत पाठवलं. काका रागाने म्हणाले, मी फक्त खोकल्याचं औषध घेतलंय. मामाजींनी औषधाचं नाव सांगितलं, कितीदा घेतलं ते सांगितलं, आणि वर हेही सांगितलं की खोकला तुम्हाला नाही.

त्यामुळे गेल्या डिसेंबरात माझ्या नवऱ्याला पन्नास वर्षं पूर्ण झाली आणि आम्ही दोघांनी वाइन चाखायला जायचं ठरवलं, तेव्हा पहिला प्रश्न मामाजींचाच होता. नागपुरात एक बाई अशा खासगी सहली ठरवून देतात. सकाळी गाडी दारात येते, दिवस मावळायच्या आत घरी. साकोलीच्या पुढे, जंगलाच्या कडेला एक लहानशी वायनरी आहे, मोहफुलांची आणि जांभळाची वाइन करतात, रीतसर परवाना आहे, तिथले एक जुने जाणकार स्वतः चाखायला शिकवतात, असं त्या बाईंनी सांगितलं. सगळं उत्तम होतं. फक्त साकोलीला जाताना लाखनी लागतं आणि मामाजींचं घर महामार्गापासून दहा पावलांवर आहे. सासूबाईंना आम्ही नागझिऱ्याला हरणं पाहायला जातोय असं सांगितलं. भंडाऱ्याला वैनगंगेचा पूल ओलांडेपर्यंत नवरा गाणी म्हणत होता. लाखनीच्या पाट्या दिसायला लागल्यावर तो सीटखाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला. त्याच्या पायात चपला होत्या.

लाखनी सुखरूप मागे पडलं. साकोली गेलं, डांबरी रस्ता संपला, कापणी झालेल्या बांध्यांमधून गाडी एका कौलारू शेडपाशी थांबली. कविता नावाची तिशीतली मालकीण पुढे आली. तिचे वडील तलावात मासेमारी करत. ती शेतीचं शिकली होती आणि आसपासच्या गावांतल्या बायांनी वेचलेली मोहफुलं घेऊन तिने हे सुरू केलं होतं. तिने आम्हाला गार पाणी दिलं आणि म्हणाली, "बसा जी, आमचे सर येऊनच राहिले."

आतून पांढरा एप्रन घातलेले, टोपी नीट केलेले, हातात पितळी पिकदाणी धरलेले मामाजी बाहेर आले.

माझ्या हातातला पेला निसटला. नवरा उठून उभा राहिला, बसला, पुन्हा उठला. मामाजींचा चेहरा आमच्याहून पांढरा झाला होता. पण सगळ्यांत आधी तेच सावरले, कारण त्यांनी सवयीने नाक ओढलं होतं. "सूनबाई," ते म्हणाले, "तुह्या शालीले आंबट वास येऊन राहिला."

मग त्यांनी आम्हाला बाजूला, लाकडाच्या ढिगाआड नेलं आणि सगळं सांगितलं. निवृत्तीनंतर नाक रिकामं पडलं होतं. कविता सल्ला विचारायला आली, आणि त्यांना कळलं की जगात अशी एक दारू आहे जी हुंगायची, तोंडात फिरवायची आणि थुंकून टाकायची असते. शपथ न पिण्याची होती. "थुकन्याची शपथ मी घेतलीच नाई," ते म्हणाले. मामींना मात्र त्यांनी साकोलीच्या राइस मिलवर तांदूळ पारखायला जातो असं सांगितलं होतं. तीन वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी ते बसने येत होते. घरी जाण्याआधी एक सबंध पेरू खात, वास मारायला. आमच्या सासूबाईंना आम्ही कुठे आहोत हे कळू द्यायचं नाही आणि मामींना ते कुठे आहेत हे कळू द्यायचं नाही, असा करार त्या लाकडांआड झाला.

पुढचा तासभर मी जे पाहिलं त्यावर माझा अजून विश्वास नाही. मांडवाच्या दारातून लोकांना परत पाठवणारा हा माणूस आम्हाला ग्लास कुठे धरायचा, किती तिरपा करायचा, उजेडात काय पाहायचं हे शिकवत होता. जांभळाची वाइन चाखून नवरा म्हणाला, छान आहे. मामाजींना त्याचा फार राग आला. छान हा वास नाही, ते म्हणाले, वास सांग. नवऱ्याने घाबरून ओल्या पाटीदप्तराचा वास येतो असं सांगितलं. मामाजी एवढे खूश झाले की त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मध्ये मी डब्यातल्या तिळाच्या पोळ्या काढल्या. त्यांनी एक हुंगली आणि परत ठेवली. पोळ्या आंबल्या होत्या म्हणे. मी त्या पहाटे लाटल्या होत्या. पण त्यांच्या नाकाशी वाद घालायची आमच्या घरात पद्धत नाही, म्हणून मी डबा बंद केला.

शेवटी कविताने मोठी टाकी दाखवली. यंदाची मोहाची वाइन, आजवरची तिची सगळ्यांत मोठी खेप. दुसऱ्या दिवशी ती बाटल्यांत भरायची होती. त्या टाकीतली फुलं बायांनी जंगलात भल्या सकाळी वाकून वाकून वेचली होती, आणि ती वाइन चांगली निघाली तरच पुढच्या वर्षी आणखी गावांतून फुलं घेता येणार होती. तिने नळातून थोडी काढून दिली. मामाजींनी हुंगली, तोंडात फिरवली, थुंकली. पुन्हा हुंगली. मग ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, "गेली. आंबट झाली. फेकून दे."

 कविता खाली बसली आणि टाकीच्या तळाशी असलेल्या मोठ्या नळावर तिने हात ठेवला. त्या नळाखालून नाली थेट शेतात जात होती. ती टाकी खरंच रिकामी करणार होती, हे मला दिसलं. मी कधी नव्हे ते मध्ये पडले. म्हटलं, थांबा, मला चाखू द्या. मी चाखली. मला मध लागला, फुलं लागली, थोडा धूर लागला. आंबट काहीच नव्हतं. "मामाजी, मला आंबट लागत नाही," मी म्हणाले.

"तुले काय समजते?" ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. पण मला तोवर माझी शाल आठवली होती. पोळ्या आठवल्या होत्या. मी कोपऱ्यातल्या माठातलं पाणी एका स्वच्छ ग्लासात घेतलं आणि काही न सांगता त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी डोळे मिटून हुंगलं. "हे बी आंबटच."

"माठातलं पाणी आहे, मामाजी."

त्यांनी डोळे उघडले. ग्लासाकडे पाहिलं. पुन्हा हुंगलं. मग स्वतःचा तळहात हुंगला, एप्रनचं टोक हुंगलं, टोपी काढून तीही हुंगली. नंतर ते बाटल्यांच्या एका खोक्यावर हळूच बसले. धक्के द्यायचं काम आयुष्यभर करणाऱ्या त्या माणसाला धक्का बसताना मी पहिल्यांदा पाहत होते, आणि ते पाहवत नव्हतं.

"दिवाळीत सर्दी झाली होती," ते म्हणाले. "तवापासून मले सारंच आंबट येऊन राहिलं. दूध, साबन, पेपर. मले वाटे, जगच बिघडलं."

मग त्यांनी कविताला विचारलं की तू सकाळी चाखली होतीस का. ती म्हणाली, चाखली होती, बरी वाटली होती. मग बोलली काहून नाही, असं त्यांनी विचारल्यावर ती खाली पाहत म्हणाली की तुम्ही सांगितल्यावर मी काय बोलणार. यावर मामाजी हादरून तिच्याकडे पाहतच राहिले. माझ्या एका शब्दावर ही सगळी टाकी सोडून देणार होती, असं ते स्वतःशीच दोनदा म्हणाले. नंतर त्यांनी तिला समोर बसवलं, ग्लास तिच्या हातात दिला आणि जे येईल ते सांग म्हणाले. ती सांगत गेली. ते डोळे मिटून ऐकत होते. तिचं सांगून झाल्यावर म्हणाले, "भर उद्या बाटल्या." उठता उठता त्यांनी विचारलं, की मागच्या महिन्यात मी दोन ड्रम जांभळाचे फेकायला लावले होते, ते तरी खराब होते ना. कविता लगेच म्हणाली, ते खरंच खराब होते सर. ती खरं बोलली की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि मान हलवली.

परतीला ते आमच्याच गाडीत बसले. पेरू घ्यायला गाडी थांबवायला सांगू का, असं नवऱ्याने विचारलं, तर नको म्हणाले. लाखनीला दारातच मामी उभ्या होत्या. आम्हाला तिघांना एका गाडीतून उतरताना पाहून त्या चकित झाल्या, आणि त्या काही विचारायच्या आत मामाजींनी उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सगळं सांगून टाकलं. वाइन, थुंकणं, राइस मिल, नाक, सगळं. आम्ही दोघं मान खाली घालून उभे होतो. 

मामींनी वाइनबद्दल एक शब्दही विचारला नाही. त्या म्हणाल्या, "म्हंजे दूध नासलं नव्हतं?" दिवाळीपासून त्यांनी दूधवाला बदलला होता, भांडी राखेने पुन्हा पुन्हा घासली होती, लावलेलं दही कितीदा ओतून दिलं होतं. "मले वाटे, वयामुळं माह्याच हाताले काई झालं," त्या म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावून आत गेल्या. आम्हाला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. नव्या तांदळाचा भात होता, वरण होतं. मामाजींनी पहिला घास तोंडाजवळ नेला तेव्हा त्यांचं नाक किंचित आक्रसलेलं मी पाहिलं. त्यांनी घास खाल्ला. मग सगळं ताट संपवलं आणि म्हणाले, "चांगला झाला भात." मामी वाढता वाढता थांबल्या. वासाबद्दल खोटं बोलणारे मामाजी त्यांनीही पहिल्यांदाच ऐकले होते. त्यांनी आणखी एक मूद वाढली.

नाक अजून परतलेलं नाही. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय की येईलही, नाहीही येणार. मामाजी मंगळवारी आणि शुक्रवारी अजून साकोलीच्या बसमध्ये बसतात, पण आता शेजारी मामी असतात. त्यांचं नाकही काही कमी नव्हतं, एवढंच की पन्नास वर्षांत त्यांना कोणी विचारलं नव्हतं. त्या पीत नाहीत, तोंडातही घेत नाहीत, नुसतं हुंगतात. कविता म्हणते, मामाजी शेजारच्या खोक्यावर बसून काय येतं, काय येतं असं विचारत राहतात. मामी घाई करत नाहीत. एकेक वास सावकाश सांगतात, आणि ते मान खाली घालून ऐकत असतात.