बर्फाखाली जायचा खर्च

आमचे हे घाटावरचे. धड पोहता येत नव्हतं, तरी त्यांना दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्रात बुडी मारायची होती. ऐंशीच्या दशकात ते बोईसरच्या कारखान्यात पाळ्या करायचे. तिथे कुणाकडच्या तरी मासिकात त्यांनी पाठीवर हवेची टाकी लावून बर्फाखाली उतरलेली माणसं पाहिली आणि वेडावलेच.

सुट्टीला माझ्या माहेरी दातिवऱ्याला गेलो, की ओटीवर खडूने हिशेब सुरू. विमान, बोट, टाकी, रबरी पोशाख. आकडा दर खेपेला वाढायचा. मी करवादायची, "घरात धड पंखा नाही आणि नवरा चालला बर्फाखाली!"

माझा मच्छीमार भाऊ मात्र गंभीरपणे ऐकायचा. एकदा त्याने विचारलं, "भावोजी, वर दोरी कोण धरल?"

जाळं खडकात अडकलं, की भाऊ कमरेला दोरी बांधून खाली जायचा आणि होडीतून ती दोरी आमचे वडीलच धरायचे. हे म्हणाले, "तिथली माणसं मिळतात दोरी धरायला."

"परक्याच्या हातात जीव नाय द्यायचा. दोरी घरच्यानंच धरायची."

ह्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग खाली वाकून विमानाचं भाडं पुसलं आणि दोघांचं मांडलं. "तू पाण्यात उतरू नकोस. वर बसून नुसती दोरी धर."

सात जन्मांत न जमणारा तो खर्च या माणसाने माझ्यासाठी दुप्पट करून ठेवला होता.