बिसेन बाईंच्या गाडीचं तेल

मी आज चार ओळी नीट लिहू शकतो, ते बिसेन बाईंमुळे. तिरोड्याच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. कॉलेजचा फॉर्म कुठे मिळतो हेही बाबांना माहीत नव्हतं. बाईंनी तो आणला, माझ्याकडून भरून घेतला आणि मी वाटेतून मागे फिरू नये म्हणून गोंदियाच्या बसमध्ये स्वतः माझ्याशेजारी बसल्या. त्यामुळे गेल्या एप्रिलमध्ये त्यांनी फोनवर "नरेश, गाडी आवाज करते रे" एवढंच म्हटलं, तेव्हा मी रजेचा अर्ज आधी लिहिला, विचार नंतर केला.

ती गाडी हौसेची नाही. बाईंच्या यजमानांना, म्हणजे आमच्या काकांना, दर बुधवारी आणि शनिवारी डायलिसिससाठी गोंदियाला न्यावं लागतं. साठी उलटल्यावर बाई गाडी शिकल्या त्या याचसाठी. गाडी सोळा वर्षांची. गावातल्या मेकॅनिकने सांगितलं होतं की इंजिन उतरवावं लागेल, तीन आठवडे गाडी सोडा. तीन आठवडे म्हणजे सहा फेऱ्या, आणि डायलिसिस झाल्यावर काकांना बसची पायरी चढवत नाही.

माझे सुखदेव मामा भिलाईला राहतात. पोलाद कारखान्याच्या तेल-वंगण विभागात त्यांची सगळी नोकरी झाली. इंजिन खोलण्याआधी गाडी मामांना दाखवायची असं मी ठरवलं. गुरुवारी सकाळी निघायचं आणि शुक्रवारी संध्याकाळी परत, कारण शनिवार चुकवून चालणार नव्हता. निघताना गोंदियाच्या दुकानातून मी सिंथेटिक तेलाचा (कारखान्यात घडवलेलं, जास्त दिवस टिकणारं तेल) डबा घेतला. दुकानातला सगळ्यांत महाग तोच होता. बाईंच्या गाडीत साधं तेल घालायचं, हे मला पटतच नव्हतं.

आमगाव, देवरी करत महामार्गाला लागलो. दोन्ही बाजूंना जंगल, झाडांखाली टोपल्या घेऊन मोहाची फुलं वेचणाऱ्या बाया. बाघ नदीचा पूल ओलांडला की पाट्यांवरची मराठी संपते. आवाज मात्र माझ्यासोबत छत्तीसगडात आला: टक, टक, टक, चढाला जास्त. चिचोल्याच्या अलीकडे धीर सुटला म्हणून एका ढाब्यावर थांबलो. घाईने इंजिनातली तेल मोजायची पट्टी उपसली आणि दोन बोटं भाजून घेतली. तेल पुरेसं होतं, पण डांबरासारखं काळं. शेजारी ट्रकवाला चहा पीत होता. त्याने गाडीकडे न बघताच विचारलं की शिलाई मशीन घेऊन कुठे निघालात. मी हसलो, पण चहा काही गोड लागला नाही.

दुर्ग मागे पडलं आणि कारखान्याच्या चिमण्या दिसू लागल्या. भिलाईचे सेक्टर मला नेहमी आवडतात; रुंद रस्ते, दाट झाडं, एकसारखी क्वार्टर्स. मामांचं घर मरोद्याला. ते फाटकातच उभे होते.

"तू येऊन राहिला हे मले दोन गल्ल्या आधीच समजलं," ते म्हणाले.

मामींनी फरा (तांदळाच्या पिठाची उकडलेली वळकटी) आणि टोमॅटोची चटणी वाढली. जेवणानंतर मी डबा काढून मामांपुढे ठेवला. त्यांनी तो चष्मा लावून सगळ्या बाजूंनी वाचला.

"कावून आणला हा?"

"बाईंच्या गाडीला चांगल्यातलं चांगलं पाहिजे म्हणून."

"गाडीचं पुस्तक वाचलं?"

ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात होतं. सोळा वर्षांत त्याची प्लास्टिकची पिशवीही कोणी फोडली नव्हती.

"ग्रॅज्युएट झाला आन् डबा वाचून राहिला," मामा मामींना म्हणाले. मामी पदर तोंडाला लावून आत गेल्या.

मग मामांनी कपाटातून टीपकागद काढला. कारखान्यात मोठ्या यंत्राचं तेल बदलायचं की नाही, हे ते असंच पाहायचे. इंजिन गरम करून पट्टीवरचा एक थेंब कागदावर टाकायचा आणि वाट बघायची. तेल धडधाकट असेल तर मळ आपल्यासोबत घेऊन सारखं पसरतं. आमचा थेंब अर्ध्या तासानेही मधोमध काळा, घट्ट ठिपका होऊन बसला होता आणि कडेला नुसतं पिवळट वर्तुळ फुटलं होतं. मामांनी विचारलं की हे तेल किती वर्षांचं आहे.

शुक्रवारी सकाळी मामींनी बोरे-बासी (रात्रभर पाण्यात ठेवलेला भात) कांदा आणि हिरव्या मिरचीबरोबर दिली. एप्रिलच्या उन्हात पोटाला इतकं थंड दुसरं काही नसेल. ती खाऊन आम्ही नेहरू नगरजवळच्या देवांगन मिस्त्रींच्या गॅरेजवर गेलो. मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून लांब पेचकसाचं टोक त्यावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. वर ऐकलं, खाली ऐकलं. त्या दोन मिनिटांत मी तीन आठवड्यांच्या सहाही फेऱ्या मनात करून आलो.

"आवाज ऊपर का है, नीचे सब ठीक है," ते म्हणाले. "तेल बदल दो, इंजिन मत खुलवाना."

पुढे मात्र दोघांचं जुंपलं. मिस्त्रींचं म्हणणं, सिंथेटिक आणलंच आहे तर घालू या. नव्या गाड्यांत आता तेच जातं, उन्हात पातळ पडत नाही, दुप्पट चालतं आणि इंजिन धुऊन काढतं. मामा म्हणाले, धुऊन काढतं त्याचीच तर भीती आहे. त्यांनी तेल ओतायचं झाकण उघडून मला आत बघायला लावलं. आतून काळा चिखल थापल्यासारखा दिसत होता. हा सगळा एकदम सुटला तर तेल ओढणाऱ्या खालच्या जाळीत अडकेल, तेल वर चढणार नाही आणि गाडी बसेल.

"जुन्या पोटाले एकदम जुलाब देत नसतात, बापू. साधं तेल घाल, लवकर बदल, पुन्हा साधं घाल. मळ हळूहळू निघू दे. मंग पुढच्या साली पाजजो तुयं महागाचं."

मिस्त्री हसले. गाडी नवी असती तर त्यांनी ऐकलं नसतं, पण ही गाडी बघता मामाजींचं खरं आहे, असं त्यांनी मान्य केलं. मग दोघेही माझ्याकडे बघू लागले, कारण ठरवायचं मला होतं.

मी पुस्तकाची पिशवी फोडली. आमच्याकडच्या उन्हासाठी किती जाडीचं तेल चालतं, ते त्यात स्पष्ट छापलं होतं. माझ्या डब्यातलं तेल त्याहून बरंच पातळ होतं. ठरवायला एवढंही पुरलं असतं, पण मला तिरोडा-गोंदिया रस्ता दिसला, त्यावर बंद पडलेली गाडी आणि आत काका. साधं तेल घाला, मी म्हणालो, पुस्तकातल्या जाडीचं, आणि फिल्टर नवा. माझा डबा मिस्त्रींनी विकत घेतला. नव्या गाडीचं गिऱ्हाईक त्यांना रोज मिळतं.

तेल बदलून आम्ही भर दुपारी जवळच्या जामुलपर्यंत गेलो. सिमेंटचे ट्रक, पांढरी धूळ, खचाखच भरलेल्या बसेस. जाताना टक टक कमी झाली. येताना मी काच वर करून कान दिला तरी ऐकू येईना. तेल गळतंय का ते बघायला मिस्त्रींनी गाडीखाली पुठ्ठा अंथरून तासभर ठेवला. पुठ्ठा कोरडा निघाला.

संध्याकाळी तिरोड्याला पोचलो तेव्हा काका अंगणात खुर्चीवर होते. काय झालं होतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, काही नाही काका, तेलाचं होतं. ते म्हणाले, तेल तर मी दर दिवाळीला बदलतो. बाई माझ्याकडे बघत होत्या. मी पाणी मागितलं.

चांगल्यातलं चांगलं आणणं सोपं असतं, हे मी या प्रवासात शिकलो. समोरच्याला काय सोसेल ते बघून देणं मला अजून शिकायचं आहे. काकांसमोर बोलता आलं नाही, म्हणून गोंदियाला घरी परतल्यावर बाईंना पत्र टाकलं:

"आदरणीय बाईंना सा. न.,

गाडीचं इंजिन चांगलं आहे. कधीही निर्धास्त न्या. काकांसमोर सांगितलं नाही ते इथे लिहितो. काका आजारी पडल्यापासून गाडीचं तेल बदललं गेलेलं नाही. ते काम त्यांचं होतं, तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. कृपया मनाला लावून घेऊ नका, आणि त्यांना सांगू नका.

मी साधं तेल घातलं आहे. ते लवकर बदलावं लागेल, जूनच्या दुसऱ्या शनिवारी. काकांचे चार तास हॉस्पिटलात जातात, तेवढ्यात ते काम होतं. मी सकाळी तिरोड्याला येईन. परत येताना काका मागे आडवे असतात आणि तुम्ही आरशातून त्यांच्याकडे बघत गाडी चालवता, हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी गाडी मी चालवीन. तुम्ही मागे त्यांच्याजवळ बसा.

आपला विद्यार्थी,
नरेश"